मासोळीचे तीन पाय हवेत

रवाल चालीची जुनी परीक्षा पाण्याने घेतात. स्वाराच्या तळहातावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि घोडे सोडायचे. दुडकणारे घोडे स्वाराला उचलून आपटते, चौखूर धावणारे त्याला पुढेमागे हेलकावते. रवाल घोड्याची पाठ मात्र स्थिर राहते, कारण त्याचे चार पाय चार निराळ्या क्षणी जमिनीला लागतात. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. धक्का चौघांत वाटला जातो. शेवटच्या बांधापर्यंत जाऊन परत आल्यावर तांब्यात पाणी किती उरले, त्यावर घोड्याचे मोल ठरते. आकारामच्या लहानपणी त्या पाण्यावर आणखी एक गोष्ट ठरत असे. पाणी सांडले की चाबूक निघे. आधी घोड्यावर, मग स्वारावर. स्वार तोच असायचा.

त्याचा बाप सातारा जिल्ह्यातल्या सोनकीवाडीत लोकांची घोडी चालीवर आणून देत असे. त्याची पद्धत बापजाद्यांची होती. खुराच्या वरच्या नाजूक कातडीला बिब्ब्याचे तेल चोपडायचे. दोन दिवसांत तिथे फोड येत, कातडी सुटे. जमिनीला टेकलेला पाय आगीसारखा पोळे, म्हणून जनावर तो चटकन आणि उंच उचले. बघणारे तोंडभरून म्हणत, काय चाल आहे! ते चाल बघत नव्हते, ते दुखणे बघत होते. एका घोडीच्या जखमेत अळ्या पडल्या आणि ती उठेनाशी झाली, तेव्हा बापाने कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने तिचे कपाळ फोडले. पहिल्या घावात ती मेली नाही. दोर आकारामच्या हातात होता. घाव बसला की दोराला हिसका बसे. पाच हिसके बसले, असे तो साठीला टेकल्यावरही नेमके सांगतो.

एकोणिसाव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि पशुवैद्यकीय दलात ड्रेसर, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारा झाला. डोंगरातल्या ठाण्यांवर शिधा वाहणाऱ्या खेचरांचे पाय बघणे हे त्याचे काम. तिथल्या एका डॉक्टर कॅप्टनने त्याला व्हिडिओ कॅमेरा धरायला शिकवले. लंगडणारे खेचर कॅमेऱ्यासमोरून चालवायचे, मग ते चित्रण थांबवत थांबवत बघायचे. कॅप्टन म्हणत, "डोळ्यावर विसंबू नकोस. डोळा जे आधीपासून मानतो, तेच बघतो. आणि एका चित्रावर तर मुळीच विसंबू नकोस. चाल एका चित्रात नसते. ती एका चित्रातून दुसऱ्यात जाताना घडते." आकारामने चोवीस वर्षे हे पाळले. हवालदार होऊन, खेचराच्या लाथेने अधू झालेला गुडघा घेऊन तो गावी परतला, तेव्हा त्याची एक खात्री झालेली होती: ज्याला दिसत नाही तोच चाबूक उचलतो. बापाचा चाबूक त्याने चुलीत घातला. गावात त्याला सगळे हवालदार म्हणू लागले.

त्याची बायको लीलाबाई हिचा धाकटा भाऊ उदयसिंह कृष्णाकाठचा मोठा ऊसबागायतदार. त्याने मारवाडकडून एक काळीभोर घोडी आणली होती. चालताना तिची पाठ पाण्याखालून सरकणाऱ्या मासळीसारखी दिसे, म्हणून तिचे नाव मासोळी पडले. मासोळीची रवाल उपजत होती, पण वेगात ती तुटत असे आणि घोडी चौखूर होई. आणि रवालीच्या शर्यतीत चौखूर झालेले घोडे बाद होते, मग ते कितीही पुढे असो.

"दाजी, बिब्बा लावू का?" उदयसिंहाने विचारले.

"लावलास तर मी घोडीला हात लावनार न्हाई," आकाराम म्हणाला. "मला एक चांगला फोन, एक तिपाई आन् एक हलका स्वार दे."

स्वार म्हणून मिलिंद आला. तो गावातल्या बौद्ध वस्तीतला, सत्तावीस वर्षांचा, ट्रॉल्या जोडणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. अंगाने सडपातळ, हाताने शांत. घोड्याच्या तोंडात लगाम आहे हे तो घोड्याला विसरायला लावी. आकाराम रोज सकाळी मासोळीच्या चार पायांना चार रंगांच्या फिती बांधी: डाव्या मागच्याला लाल, डाव्या पुढच्याला पिवळी, उजव्या मागच्याला निळी, उजव्या पुढच्याला हिरवी. फोन तिपाईवर लावून तो सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे टिपे. मग घरी येऊन ते चित्रण मोठ्या टीव्हीवर लावायचे आणि मिलिंदने रंग मोजायचे.

"हवालदार, ह्यात माझं बूड लय मोठं दिसतंय."

"बुडाकडं कोन बघतंय रं? पाय मोज."

"लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल, पिवळा, निळा... आता दोनी संगंच पडलं बगा."

"का पडलं?"

मिलिंद चित्र मागे नेई, पुन्हा पुढे आणी. "माजा उजवा गुडगा आवळतोय. मी आवळला की ती घाबरती."

"मग चाबूक कुनाला पायजे? घोडीला का गुडघ्याला?"

"गुडघ्याला. पर जरा हळू मारा, लगीन व्हायचंय."

अशी दोन वर्षे गेली. घोडीला एकही फटका बसला नाही आणि तिची चाल वेगातही टिकू लागली. मिलिंद ती चित्रणे उंबऱ्यावर बसून बघे. टीव्ही आतल्या भिंतीला होता, तिथून तो तिरपा दिसे, म्हणून मिलिंदला मान वाकडी करावी लागे. चहा त्याला उंबऱ्यावरच मिळे. दोन वर्षांत आत ये असे त्याला कुणी म्हटले नाही, आणि घोडीच्या खुराचा अर्धा इंच चुकला तरी ज्याला दिसे त्या आकारामलाही ते कधी दिसले नाही.

शर्यत आटपाडीच्या माळावर होती. परवानगीच्या कागदावर ‘अश्वचाल प्रदर्शन’ असे लिहिलेले होते. नांगरट नसलेली कडक जमीन, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, धुरळा, भोंगे. अंतिम फेरीला दोनच घोडी उरली: मासोळी आणि जयराज नावाच्या एका बड्या असामीचा पांढरा घोडा. जिंकणाऱ्या मालकाला चांदीची गदा होती. आकारामने शेवटच्या झेंड्यासमोर, पंचांच्या मांडवाच्या पलीकडल्या अंगाला तिपाई रोवली, फोन सुरू केला आणि तो तसाच चालू ठेवून मैदान ओलांडून मांडवात येऊन उभा राहिला.

मासोळी दोन घोड्यांच्या लांबीने पुढे होती. मोटारसायकलवरून शेजारी धावणाऱ्या पंचाने एकदाही लाल झेंडी दाखवली नाही. घोडी झेंडा ओलांडून गेली, उदयसिंहाच्या माणसांनी फेटे उडवले, हलगी वाजू लागली. आणि तेवढ्यात जयराजचा एक माणूस गळ्यातला मोठा कॅमेरा पुढे करत मांडवात घुसला.

"थांबा! आधी फोटू बगा, मग गदा द्या."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मासोळी होती. आयाळ उभी, नाकपुड्या फुललेल्या, एकेक केस दिसावा इतका स्वच्छ फोटो. तिचा एक पाय जमिनीवर होता. तीन हवेत होते.

आपल्याकडच्या घोडेवाल्यांची एक समजूत आहे, आणि ती इतकी जुनी आहे की तिला कुणी समजूत म्हणत नाही: रवाल घोड्याचे दोन पाय कायम जमिनीवर असतात. पाण्याचा तांब्या सांडत नाही याचे कारणही तेच सांगतात. कॅमेरा पंचांच्या हातातून फिरला. "तीन पाय हवेत. हे चौखूर न्हाई तर काय?" एकाने म्हटले, मग पाचांनी. निकाल फिरला. मासोळी बाद.

जयराजच्या बाजूने शिट्ट्या उठल्या. "उदयसिंगा, ऊस लाव की गड्या! घोड्याचं काम न्हाई तुजं!" उदयसिंहाचा चेहरा काळवंडला. त्याने कॅमेरा हिसकावून आकारामच्या नाकासमोर धरला.

"बगा दाजी. दोन वर्सं फिती बांधल्या. बगा तुमच्या शास्त्राची फळं."

आकारामने बघितले. फोटो खरा होता. त्यात कुठलाही कावा नव्हता. हे एका क्षणापुरतेच आहे का, आधीचे आणि नंतरचे चित्र काय सांगते, हे विचारायला तो चोवीस वर्षे शिकला होता. त्या दोन्ही चित्रांसकट सगळे चित्रण पन्नास पावलांवर तिपाईवर उभे होते. त्याने तिकडे मान वळवली नाही. हजार माणसे हसत होती, आणि हजार माणसे हसत असताना माणूस काय बघतो ते आकारामला कॅप्टनने शिकवले नव्हते. पण बापाने शिकवले होते. पाणी सांडले होते. कुणाला तरी मारायला हवे होते.

मिलिंद घोडी वळवून, उतरून, लगाम धरून परत येत होता. धुरळ्याने त्याचे दातसुद्धा मातकट झाले होते आणि तो हसत होता. निकाल फिरल्याचे त्याला ठाऊक नव्हते.

"हवालदार! तांब्या दिला असता तरी थेंब सांडला नसता!"

आकारामने उदयसिंहाच्या काखेतला चाबूक ओढून घेतला. पहिला फटका मिलिंदच्या तोंडावर बसला. दुसरा मानेवर. मिलिंदने हात वर केला, पण लगाम सोडला नाही, कारण सुटलेली घोडी गर्दीत घुसली असती. तो एका हाताने घोडी आवरत होता आणि दुसऱ्या हाताने डोके झाकत होता. तो खाली बसला तेव्हा आकारामने चाबूक उलटा धरला. मुठीला पितळी बोंड होते. ते मिलिंदच्या डाव्या डोळ्यात गेले.

त्यानंतर जे झाले त्याला कारण लागत नव्हते. उदयसिंहाच्या दोघांनी मासोळीला लोखंडी सळईने मागच्या पायांवर बडवले. कुणी तरी जयराजच्या कॅमेरावाल्याचे तोंड फोडले. मांडवाचे बांबू उपसले गेले, दगड आले, एका म्हाताऱ्या पंचाचा खांदा निखळला. दहा मिनिटांत माळावर चपला, फेटे आणि रक्ताचे शिंतोडे उरले. घोडी ज्या पिकअपमधून आणली होती त्याच पिकअपमध्ये, घोडीच्याच गवतावर मिलिंदला टाकले आणि सांगलीच्या एका इस्पितळात नेले. तो शुद्धीवर नव्हता. कागद उदयसिंहाने भरून दिला: घोड्यावरून पडून दुखापत.

कुणी तरी तिपाई आणून आकारामच्या ओसरीवर ठेवली. फोनला त्याने तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने दार लावून घेतले आणि चित्रण टीव्हीवर जोडले.

सात मिनिटांचे चित्रण संथ गतीत छप्पन्न मिनिटे चालते. त्यात आवाज नसतो. धुरळ्यातून मासोळी आली. फिती नव्हत्या, पण आकारामला फितींची गरज नव्हती. लाल, पिवळा, निळा, हिरवा. त्याने चित्र थांबवले. एक पाय जमिनीवर, तीन हवेत. पुढचे चित्र, त्यापुढचे, त्यापुढचे. सात-आठ चित्रांपुरते तीन पाय हवेत राहत होते आणि मग दुसरा पाय, ज्याची पाळी होती तोच, खाली येत होता. क्रम कुठेही मोडत नव्हता. त्याने मागच्या वर्षीची चित्रणे काढली. प्रत्येकात, वेग वाढला की प्रत्येक पावलात, तोच क्षण होता. शेकडो वेळा तो त्याच्या डोळ्यांसमोरून गेला होता. समजूत चुकीची होती. वेगात धावणारी खरी रवाल अशीच असते. फोटो खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता, आणि त्या निष्कर्षाची शिक्षा देणारा हात त्याचा होता.

चित्रण पुढे चालूच होते. तिपाईला कुणी थांब म्हटले नव्हते. रिकामा झेंडा, धावणारी माणसे, मग चौकटीच्या मधोमध मिलिंद घोडी घेऊन येताना. हसताना. आकारामने टीव्ही बंद केला.

दुपारी उदयसिंह आला. बहिणीकडून त्याच्या कानावर बातमी गेली होती.

"दाजी, घोडी चौखूर झाली न्हाई म्हनं? तुमच्या फोनात हाय म्हनं?"

"हाय."

"मग बोंब मारा की! ऐतवारी पंचांची बैठक हाय. आक्की गदा परत येती. त्या जयऱ्याचं तोंड मला बगायचंय." मग त्याचा आवाज खाली आला. "फकस्त झेंड्यापतूर द्या. फुडचं उडवा."

"फुडचं तेच्यातच हाय."

"म्हनून तर उडवा म्हनतोय. मिल्याला तिथं काय बी सांगू द्या, साक्षीला कोन येनार हाय? पडला म्हनून कागदाव लिवलंय. ते फुडचं कुनी बगितलं तर तुमच्यावर केस, वर अ‍ॅट्रॉसिटी. तुमच्या कातड्यासाठी सांगतोय मी."

लीलाबाई आतून बोलली, "उडवा की वो. तुमी जेलात गेलाव तर मी त्या काळ्या टीव्हीकडं बगत बसू व्हय?"

आकारामने फोन टीव्हीपासून सोडवून खिशात ठेवला. उदयसिंहाला ते होकारासारखे वाटले. तो खुशीत उठला आणि दारातून म्हणाला, "आन् घोडीची काळजी करू नगा. नवा स्वार बगितलाय. परवाच बिब्बा लावलाय. आता बगा कशी पाय उचलती!"

आकाराम उदयसिंहाच्या तबेल्यात गेला. मासोळी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सळईने सुजलेल्या मागच्या पायांवर तिला भार देता येत नव्हता, आणि पुढच्या पायांवर खुराच्या वर कातडी पाणावून लोंबत होती. चारांतला कुठला पाय टेकावा हे तिला कळत नव्हते. ती उभ्या जागी पाय बदलत होती, एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तिच्याही चालीला आता क्रम उरला नव्हता. आकारामने हात पुढे केला तेव्हा तिने मान भिंतीत घुसवली. दोन वर्षांत ती त्याला कधी भ्याली नव्हती. त्याने कोमट पाण्याने बिब्बा धुवायला घेतला. कातडी त्याच्या बोटांना चिकटून आली.

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने सांगलीला गेला. इस्पितळात मिलिंदच्या खोलीच्या दारात मुक्ताबाई, त्याची आई, स्टुलावर बसलेली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उसात भांगलण केलेली बाई. ती उठली नाही.

"काय हवालदार, पाय मोजाय आलाव व्हय?"

आकाराम उभा राहिला.

"कागदाव लिवलंय, घोड्यावनं पडला. मी डाक्टरला इचारलं, आवं, घोडं आता चाबूक बी मारतं व्हय? तर डाक्टर खाली बगाया लागला." ती थांबली. "डोळा काढून टाकलाय त्येचा. कुटं टाकला त्ये बी इचारलं मी. कुनी सांगत न्हाई."

"मुक्ताबाई, मला त्येला एक दाखवायचंय."

"एकच डोळा हाय आता. बगून दाखवा."

ती बाजूला झाली नाही. आकाराम दाराच्या चौकटीतच उभा राहिला आणि त्याने तिथून फोन वर धरला. आतून मिलिंदचा आवाज आला. आवाज कोरडा होता.

"तितनं दिसायचं न्हाई. तिरकं दिसतंय. मी बगितलंय दोन वर्सं. आत या."

मुक्ताबाईने स्टूल सरकवले.

मिलिंदच्या डोक्याला आणि डाव्या डोळ्यावर पट्टी होती, डाव्या हाताची दोन बोटे फळीला बांधलेली होती. त्याने पहिला प्रश्न विचारला तो घोडीचा.

"तुटली का वो चाल?"

"बग तूच."

मिलिंदने फोन छातीवर टेकवला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने चित्र एकेक पुढे नेऊ लागला. ओठ हलू लागले. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तीन पाय हवेत असलेल्या चित्रापाशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"हितं हवंत हायत. पर पाळी मोडली न्हाई."

"न्हाई."

"माजा गुडगा?"

"ढिला हाय. बग."

मिलिंदच्या चेहऱ्यावर काही तरी आले आणि गेले. घोडीने झेंडा ओलांडला. आकारामने हात पुढे केला. "बास. एवढंच..."

"थांबवू नगा. फुडं जाऊ द्या."

"मिलिंद, फुडचं..."

"मला म्हाईत हाय फुडं काय हाय. मला बगू द्या. तवा मला दिसलं नव्हतं. मी खाली बगत हुतो."

पडद्यावर आकाराम आला. संथ गतीत त्याचा हात अतिशय सावकाश वर गेला. चाबकाची वादी मागे उलगडली, पुढे आली, मिलिंदच्या गालाला लागली आणि गाल पाण्यासारखा लाटेलाटेने थरथरत गेला. मिलिंदने ते त्याच आवाजात मोजले ज्या आवाजात तो फिती मोजत असे.

"एक."

आकारामला दोन फटके आठवत होते. फार तर तीन. चार दिवस तो स्वतःला तेच सांगत होता: दोन मारले, तिसरा चुकून लागला.

"चार. पाच." मिलिंदने चित्र थांबवले. "लगाम मी सोडला न्हाई. बगा. हितं बी न्हाई. हितं बी न्हाई."

"न्हाई सोडलास."

"सात." मग तो पुन्हा थांबला आणि फोन जरा जवळ घेतला. "ह्यात आवाज न्हाई. पर तुमचं त्वांड बगा. फटका, आन् त्वांड उगडतंय. फटका, आन् त्वांड उगडतंय. काय म्हनत हुता तवा, आठवतंय?"

आकारामने मान खाली घातली. त्याला आठवत नव्हते. किंवा आठवत नाही असे त्याला वाटत होते. पण ओठ दिसत होते. तो शब्द आकारामच्या बापाच्या तोंडात असे. गावात उघडपणे तो आता कुणी उच्चारत नाही.

"मला ऐकू आलंय," मिलिंद म्हणाला. "दोन वर्सं आलं नव्हतं. त्या दिवशी आलं."

मुक्ताबाई दारातून आत बघत होती. खोलीत फक्त मोजण्याचा आवाज होता. आठ. नऊ. चाबूक उलटा झाला. दहा. अकराव्याला पितळी बोंड उन्हात चमकले आणि मिलिंदने तेही चित्र एकेक करून, न वगळता, पुढे नेले. मग फोन खाली ठेवला.

"अकरा."

आकाराम म्हणाला, "उदयसिंह म्हनतोय, झेंड्यापतूरचं त्येला दे. फुडचं पूस."

"आन् तुमी काय म्हनताय?"

"मी तुला इचाराय आलोय."

"मला कशाला इचारताय?" मिलिंदचा आवाज पहिल्यांदा चढला. "आरं, मारताना इचारलं हुतं व्हय मला? ह्ये तुमचं वझं हाय. माज्या उशाला आनून टाकू नगा." तो दमला. श्वास सावरून, छताकडे बघत म्हणाला, "येक सांगतो. कुनाला बी दिलंत तरी तोडून देऊ नगा. नुसतं आदलं दिलंत तर मी पडलो. नुसतं फुडचं दिलंत तर घोडी चुकली, म्हनून मार खाल्ला असं हुईल. दोनी न्हाई झालं. घोडी बी चुकली न्हाई, मी बी पडलो न्हाई."

आकाराम थेट आटपाडीच्या गाडीत बसला. वाटेत उदयसिंहाचे सात फोन आले. ज्या फोनमध्ये ते चित्रण होते त्याच फोनवर ते येत होते, आणि फोन आला की पडद्यावर मासोळीच्या जागी मेव्हण्याचे नाव येई. त्याने एकही उचलला नाही. लीलाबाईचा आला तो उचलला. "कुटं हाईसा?" तिने विचारले. त्याने सांगितले. ती म्हणाली, "मी भावाकडं चाललीया," आणि फोन बंद झाला.

पोलिस ठाण्यात संध्याकाळचे दिवे लागत होते. टेबलामागच्या जमादाराला आधी वाटले, हा मारहाणीची तक्रार द्यायला आला आहे.

"कोणी मारलं?"

"मी मारलंय."

जमादाराने पेन खाली ठेवले आणि त्याच्याकडे नीट बघितले. मग चित्रण बघितले. सुरुवातीची घोडी बघताना तो कंटाळला आणि अंगठ्याने पुढे पळवू लागला. "हे घोड्याचं काय करायचंय काका? नेमका मारहाणीचा तुकडा द्या, तेवढा पुरे."

"तुकडा न्हाई. घोडी आल्यापासनं घ्या."

"अहो, घोडी काय साक्ष देणार आहे?"

"तिच्यासाठीच मारलाय मी त्येला. आन् ती चुकली नव्हती. त्ये आधी लिवा."

जमादार वैतागला, पण त्याने लिहिले. गुडघ्यामुळे आकारामला बसवत नव्हते. तो टेबलाला टेकून उभाच राहिला. नाव, वय, गाव, फिर्यादी, दुखापतीची जागा, वापरलेले हत्यार. तोंडून काढलेल्या शब्दाचा रकाना आला तेव्हा त्याने तो शब्द सांगितला, पूर्ण, आणि जमादाराने तो लिहिताना मान वर केली नाही.

"किती फटके?"

"अकरा."

"एवढं नक्की सांगता? चिडलेल्या माणसाला आठवत नाही."

"मला दोनच आठवत हुतं," आकाराम म्हणाला. "त्यानं मोजलं."